मामाच्या मांडीतला फिस्टुला

मी डायलिसिस टेक्निशियन आहे. सकाळच्या शिफ्टला पेशंट बेडवर टेकला की मशीनकडे वळण्याआधी मी त्याच्या हातावर बोटं ठेवतो. मनगटाच्या किंवा कोपराच्या जवळ कातडीखाली थरथर लागली पाहिजे. तिला आम्ही थ्रिल म्हणतो. मग स्टेथो लावायचा आणि हूऽश हूऽश असा न तुटणारा आवाज येतोय ना ते ऐकायचं. दोन्ही असलं की फिस्टुला चालू. मग सुई.

ज्यांच्या घरात डायलिसिस नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हृदयाकडून रक्त आणणारी धमनी आणि हृदयाकडे रक्त परत नेणारी शीर या दोघींचा एरवी थेट संबंध येत नाही. मध्ये केशवाहिन्यांचं बारीक जाळं असतं, रक्त त्यातून झिरपत जातं आणि त्यातच त्याचा जोर संपतो. किडनीच्या पेशंटला मशीनवर घ्यायचं तर मिनिटाला अडीचशे-तीनशे मिली रक्त बाहेर काढून आत सोडावं लागतं. साध्या शिरेतून तेवढं मिळत नाही, आणि दरवेळी धमनीत सुई घालणं धोक्याचं. म्हणून सर्जन ऑपरेशन करून धमनी आणि शीर एकमेकींना जोडून देतात. हा जोड म्हणजेच फिस्टुला. जोराचं रक्त शिरेत शिरतं, शीर फुगते, तिची भिंत जाड होते आणि तिच्यात वर्षानुवर्षं सुया टोचता येतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या ब्रेसिया, सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही युक्ती १९६६ साली प्रसिद्ध केली. माझी रोजीरोटी त्यावर चालते असं म्हटलं तरी चालेल.

आता हाच जोड कुणी सर्जनने न करता कोयत्याने केला, आणि तो कुणाच्या लक्षातच आला नाही तर? माझ्या धाकट्या मामाच्या पायात तो सोळा-सतरा वर्षं होता.

मामाचं गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णाकाठी. ऊस सोडून दुसरं बोलणं नाही. २००५ च्या महापुराच्या आधीचा गळीत हंगाम. मामाच्या फडात तोड चालू होती आणि मामा जनावरांना वाढं गोळा करत टोळीच्या मागोमाग फिरत होता. एका तोडकऱ्याचा कोयता बुडख्यावरून सटकला आणि मामाच्या डाव्या मांडीत आतल्या बाजूने बसला, गुडघ्याच्या वर वीतभर. रक्ताची चिळकांडी उडाली. कुणीतरी डोक्याचा पंचा सोडून करकचून बांधला, ट्रॅक्टरवर घातलं आणि गावातल्या दवाखान्यात आणलं. तिथे पोचेपर्यंत रक्त जवळजवळ थांबलं होतं. डॉक्टरांनी टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. टाके निघाले आणि मामा पुन्हा शेतात.

रक्त थांबलं याचा सगळ्यांना आनंद झाला, साहजिकच आहे. पण धमनीचं एक विचित्र वागणं असतं. ती पूर्ण कापली गेली तर दोन्ही टोकं आखडून मागे सरकतात, आवळतात, त्यात गुठळी बसते आणि पुष्कळदा रक्त आपोआप कमी होतं. अर्धवट कापली तर तिला आखडता येत नाही, भोक उघडंच राहतं आणि ती वाहत राहते. मांडीत मोठी धमनी आणि मोठी शीर एकाच वेष्टनात चिकटून चालतात. कोयत्याचं टोक दोघींना लागलं की धमनीतल्या रक्ताला बाहेर येण्यापेक्षा सोपी वाट सापडते. शेजारच्या शिरेत दाब नावालाच असतो, रक्त तिकडे वळतं. बाहेरून जखम सुकते, टाके छान बसतात आणि आत जोड कायमचा होतो. म्हणजे मामाचं रक्त लवकर थांबलं, ते बहुधा याच कारणाने.

पुढची वर्षं मी मामीकडून ऐकली तशी सांगतो, कारण मामाला विचारलं तर "काय न्हाई, पाय जरा जड असतोय" एवढंच उत्तर.

पहिली काही वर्षं काहीच नाही. मग डाव्या पायाच्या शिरा फुगायला लागल्या. पोटरीवर, मग मांडीवरही. थंडीत मामाचा उजवा पाय गार आणि डावा गरम. पुढे घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळी पडली, खाज सुटली, आणि एके दिवशी खाजवून खाजवून तिथे जखम झाली ती भरेचना. २०१९ च्या पुरात घर सोडून जनावरांसकट बाहेर पडताना मामा पाण्याचिखलात वावरला, आणि ती जखम रुपयाएवढी होती ती तळहाताएवढी झाली.

दवाखाने झाले नाहीत असं नाही. सगळीकडे एकच निदान: व्हेरिकोज व्हेन. पट्ट्याचे सॉक्स आणले, ते उन्हाळ्यात कोण घालणार. एकाने जळवा लावल्या, चार दिवस बरं वाटलं. मलमं झाली, हळद झाली, कुणी सांगितलेला पाला झाला. मधल्या काळात मामाला चढावर दम लागायला लागला. तो तंबाखूच्या खात्यावर जमा झाला. पायावर सूज आली तेव्हा लघवीच्या गोळ्या सुरू झाल्या. सूज उतरली की गोळ्या बंद, की पुन्हा सूज.

यातला एकेक डॉक्टर फार चुकला असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे उभं राहून काम करणाऱ्यांच्या पायावर फुगलेल्या शिरा पैशाला पासरी. पण मामाच्या एकाच पायावर त्या होत्या, तोच पाय गरम होता आणि त्याच पायावर जुन्या घावाचा वण होता. या तीन गोष्टी एका माणसाने एका वेळी बघितल्या नाहीत. पाय एकाने बघितला, दम दुसऱ्याने बघितला आणि मांडी कुणीच बघितली नाही, कारण धोतर गुडघ्यापर्यंतच वर जायचं.

मला कसं कळलं? त्यात हुशारी काही नाही. यात्रेला गावी गेलो होतो. मामी म्हणाली, "तू दवाखान्यात काम करतोस न्हवं, ह्यांचं ड्रेसिंग तेवढं करून दे की." मामा बाजेवर पडलेला. खाली उशी घालायला मी पाय उचलला. एक हात टाचेखाली, दुसरा मांडीखाली. मांडीखालच्या हाताला ओळखीची थरथर लागली. रोज सकाळी लागते तीच, पण कितीतरी जोरात. माझा हात तसाच राहिला.

"मामा, हे कधीपासनं असं उडतंय?"

"काय?"

"हितं. वणावर हात ठेवा बघू."

"ते व्हय? ते घाव लागल्यापासनंच हाय की. शीर उडती. टाकं काढताना डॉक्टरला दावलंवतं. म्हणला, ताजं हाय, जाईल हळूहळू."

मामी ड्रेसिंगचा डबा घेऊन उभी होती. "रातच्याला आवाज बी येतोय त्याचा," ती म्हणाली. "मी म्हणते, ह्यांचा पाय झोपंत बी नांगर धरतोय."

बॅगेत बीपी बघायचा स्टेथो होता. वणावर लावला. हूऽश हूऽश, मध्ये कुठेही खंड नाही. हृदय आकुंचन पावतानाही आणि सैल पडतानाही. नुसती अरुंद झालेली धमनी असेल तर आवाज ठोक्याठोक्याला येतो आणि मधे थांबतो. धमनीतून शिरेत सतत गळती असेल तरच तो अखंड चालतो. मी स्टेथो मामीच्या कानाला लावला. तिने तो झटकन काढला आणि माझ्या हातात दिला.

पुढचा सोमवार मी सुट्टी टाकून मामाला मिरजेला आणलं. कलर डॉपलरच्या, म्हणजे रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणाऱ्या सोनोग्राफीच्या, मॅडमनी प्रोब मांडीवर ठेवला आणि स्क्रीन रंगांनी भरून गेली. धमनी आणि शीर यांच्यामध्ये जवळपास एक सेंटिमीटरचं भोक. शिरेतला प्रवाह धमनीसारखा ठोके देत होता. भोकाच्या वरची धमनी फुगलेली आणि नागमोडी, खालची मात्र बारीक. टू-डी इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदय मोठं झालेलं.

हृदयाचा इथे काय संबंध, हे मामाला समजावणं अवघड जाईल असं मला वाटलं होतं. त्याने स्वतःच सोडवलं. "म्हंजे पाटाला मधीच भगदाड पडलंया," तो म्हणाला. "शेवटच्या वाफ्याला पाणी पोचंना, आणि मोटर रात्रंदिस चालू." मी याहून चांगलं सांगू शकलो नसतो. पायाच्या टोकाला रक्त कमी पोचतं, शिरेत उलटा दाब साचतो, म्हणून घोट्याची जखम भरत नाही. आणि हृदय? निरोगी माणसाचं हृदय बसल्याजागी मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त ढकलतं. आमच्या डायलिसिसच्या फिस्टुलातून मिनिटाला सहाशे मिली गेलं की आम्ही खूश असतो. दीड-दोन लिटरच्या वर गेलं की किडनीचे डॉक्टर हृदयाची काळजी करायला लागतात आणि कधी कधी सर्जनकडून तो फिस्टुला अरुंद करून घेतात. हे हाताच्या शिरेचं. मांडीची धमनी त्यापेक्षा कितीतरी मोठी. तिच्यातून निसटणारं रक्त शरीराच्या काही कामाचं नसतं, नुसतं फिरून परत येतं. इकडे किडनीला वाटतं की आपल्यापर्यंत रक्त कमी येतंय, म्हणून ती मीठ आणि पाणी धरून ठेवते. अंगातलं रक्ताचं एकूण प्रमाण वाढतं, हृदय ताणतं, पायावर सूज येते, दम लागतो. लघवीच्या गोळीने वरचं पाणी उपसलं जात होतं, भगदाड तसंच.

व्हॅस्क्युलर सर्जनांनी, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनांनी, तपासताना एक गंमत दाखवली. मामाला मॉनिटर लावलेला, नाडी ९६. त्यांनी वणावर अंगठा रोवून दाबला, थरथर थांबेपर्यंत. बघता बघता नाडी ७८ वर आली. अंगठा सोडला, पुन्हा वर. गळती थांबली की रक्तदाब क्षणात वाढतो, आणि तो वाढला की शरीर हृदयाला सावकाश घ्यायला सांगतं. ऑस्ट्रियाच्या निकोलाडोनींनी १८७५ मध्ये आणि अमेरिकेच्या ब्रॅनहॅमनी १८९० मध्ये हे टिपलं, म्हणून या खुणेला दोघांचं नाव आहे. डॉपलर नव्हता, सीटी नव्हतं, अंगठा आणि घड्याळ एवढ्यावर निदान होत होतं. मी इतकी वर्षं फिस्टुलावर हात ठेवतोय, पण हे डोळ्यांनी पहिल्यांदा बघितलं.

त्यानंतर मी या विषयाच्या मागेच लागलो. सगळ्यात जुनी नोंद सापडली ती लंडनच्या विल्यम हंटरची, १७५७ सालची. त्या काळी ताप आला, डोकं दुखलं की रक्त काढायचे, कोपराच्या खळगीतल्या शिरेतून. काढणाऱ्याचं पातं खोल गेलं तर शिरेच्या आरपार जाऊन खालच्या धमनीत शिरायचं. वरून पट्टी बांधली की रक्त थांबायचं, आणि काही दिवसांनी पेशंटच्या कोपरात थरथर, शिरा फुगलेल्या. हंटरने ओळखलं की धमनीचं रक्त सरळ शिरेत जातंय. आज आमचे सर्जन कोपराचा फिस्टुला जिथे करतात, जवळपास तिथेच. तेव्हा चुकीने व्हायचा, आता जोडायला पेशंट ॲडव्हान्स भरतात.

रक्तवाहिन्यांच्या जखमांविषयी माहिती आहे ती बरीचशी लढायांतली. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैनिकांच्या २,४७१ धमनी-जखमांचा हिशोब डिबेकी आणि सिमिओन यांनी १९४६ मध्ये मांडला. तेव्हा फाटलेली धमनी बहुतेक वेळा नुसती बांधून टाकत, आणि बांधलेल्यांपैकी निम्म्यांचे हातपाय कापावे लागत. कोरियाच्या युद्धात धमनी शिवायला सुरुवात झाली आणि हे प्रमाण शेकडा तेराच्या आसपास आलं. व्हिएतनामनंतर नॉर्मन रिच यांनी मामासारख्या फिस्टुलांचा आणि धमनीवरच्या खोट्या फुग्यांचा मिळून ५५८ जखमांचा आढावा १९७५ साली छापला. सैनिकांची नोंद होते, कारण सरकार त्यांना पेन्शन देतं. उसाच्या फडातल्या कोयत्याची, गुऱ्हाळाच्या चरकाची, यंत्रमागाच्या धोट्याची नोंद कोण ठेवणार?

खोटा फुगा म्हणालो तो काय, तेही सांगायला हवं, कारण दबून राहिलेल्या जखमेची ही दुसरी तऱ्हा जास्त घातकी आहे. धमनीला भोक पडलं आणि शेजारी शीर नसली तर रक्त आजूबाजूच्या मांसात साठतं. भोवती पातळ पापुद्रा धरतो आणि एक पिशवी तयार होते. तिला धमनीची भिंत नसतेच, पण आत प्रत्येक ठोक्याला रक्त जातं येतं. आमच्याकडे एकाच जागी वारंवार सुई टोचलेल्या हातावर असले फुगे दिसतात. जांघेतून अँजिओग्राफी केलेल्यांनाही क्वचित होतात. तिथे लवकर सापडले तर सोनोग्राफीखाली थ्रॉम्बिनचं, म्हणजे रक्त गोठवणारं, इंजेक्शन देऊन पुष्कळदा तिथल्या तिथे गोठवता येतात. जुने झाले की वाढतात, शेजारच्या नसेवर दाब आणून हात-पाय बधिर करतात, आतली गुठळी सुटून पुढे बोटांत जाऊन अडकते, नाहीतर फुटतात.

आणि बाहेरून दिसतात गळवासारखे. आमच्या जुन्या इन्चार्ज सिस्टर, आता निवृत्त झाल्या, त्यांनी त्यांच्या उमेदवारीच्या काळातला किस्सा सांगितला होता. बैलाचं शिंग लागलेला एक गडी. जखम भरली, मग काही आठवड्यांनी जांघेत लाल, दुखरी गाठ आली. ड्युटीवरच्या पोराने गळू समजून ब्लेड लावलं. पू आलाच नाही. सिस्टरनी हातातला ट्रे टाकून जखमेवर मूठ दाबली ती ऑपरेशन थिएटरात भूल चढेपर्यंत काढली नाही. माणूस वाचला. त्या दिवसापासून त्यांच्या वॉर्डात जांघेतल्या, काखेतल्या किंवा गुडघ्यामागच्या कुठल्याही गाठीला हात लावून ती उडतेय का हे बघितल्याशिवाय ब्लेड उघडायचं नाही, असा त्यांचा हुकूम होता. डॉक्टरांनाही.

तिसरी तऱ्हा म्हणजे वाहत नाही, फुगत नाही, नुसतं बंद पडतं. माझ्या वर्गातला एक मुलगा तिसरी-चौथीत असताना चिंचेवरून पडला. कोपराच्या वरचं हाड मोडलं. हाडवैद्याकडे नेलं, त्याने बांबूच्या कामट्या लावून घट्ट बांधलं. पोरगं रात्रभर ओरडत होतं आणि घरचे म्हणत होते, हाड बसतंय, दुखणारच. कोपराच्या त्या मोडीत हाडाचं टोक पुढच्या धमनीवर रुतू शकतं, त्यामुळे सगळा दोष कामट्यांचा होता असं मला छातीठोक सांगता येणार नाही. पण सुजणाऱ्या हाताला वरून आवळलं की उरलंसुरलं रक्तही अडतं. स्नायू पाच-सहा तासांपलीकडे रक्तावाचून तग धरत नाही. मेलेल्या स्नायूच्या जागी वण तयार होतो आणि वण आखडतो. पट्ट्या सोडल्या तेव्हा त्याची बोटं तळहाताकडे वळलेली होती, ती आजही तशीच आहेत. रिखार्ड फॉन फोल्कमान या जर्मन सर्जनने १८८१ मध्ये नेमकं हेच लिहून ठेवलंय आणि आजही या व्यंगाला त्याचंच नाव आहे. बोटं अलगद सरळ केली आणि पोर कळवळलं, तर त्याच क्षणी बांधलेलं सगळं सोडायचं आणि हॉस्पिटल गाठायचं. सकाळची वाट बघायची नाही. माझा मित्र डाव्या हाताने लिहायला शिकला. त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, बारीक स्क्रू तो डाव्या हाताने असे फिरवतो की बघत राहावं.

मामाकडे परत येतो. सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन, झाला. धमनीच्या आतून तारेवरून कापड चढवलेला स्टेंट सरकवून भोक झाकता येतं, नवीन जखमेत तो मार्ग छान. पण मामाच्या भोकावरची धमनी इतकी रुंद झाली होती आणि खालची इतकी बारीक, की त्या मापाचा स्टेंट नीट बसला नसता. उघडं ऑपरेशन ठरलं. सर्जनांनी आधीच सांगितलं की जुना फिस्टुला म्हणजे आजूबाजूच्या प्रत्येक शिरेत धमनीचा दाब, कुठेही हात लावला तरी रक्त. रक्ताच्या पिशव्या तयार ठेवायला लावल्या. आम्ही भाचे-पुतणे रांगेत उभे राहून देऊन आलो. धमनीचा खराब तुकडा काढून तिथे उजव्या पायातली शीर घेऊन जोडली, कारण डाव्या पायातली एकही धड राहिली नव्हती. मोठी शीर शिवून घेतली. मामीने कागदपत्रांसाठी किती खेटे घातले ते वेगळं प्रकरण आहे, त्यावर कधीतरी लिहीन.

दुसऱ्या दिवशी मी आयसीयूत गेलो तेव्हा लघवीची पिशवी सिस्टर पुन्हा पुन्हा रिकामी करत होत्या. भगदाड बुजल्यावर किडनीला अखेर पुरेसं रक्त मिळालं आणि इतक्या वर्षांचं साठवलेलं पाणी तिने सोडायला घेतलं. माझ्यासारख्याला, ज्याचे पेशंट वाटीभर लघवी झाली तरी फोन करून सांगतात, ते दृश्य सोन्यासारखं. मांडीवर हात ठेवला. काहीच नाही. पाऊल मात्र कोमट होतं आणि पावलावरची नाडी बोटाला लागत होती.

सगळं पूर्ववत झालं का? नाही, आणि हेच लोकांना कळत नाही. घोट्याची जखम काही महिन्यांत भरली. दम गेला. पुढच्या इकोत हृदय लहान झालेलं दिसलं, ते बऱ्याच जणांचं होतं, फार उशीर झाला नसेल तर. पण शिरांच्या आतल्या झडपा इतक्या वर्षांच्या दाबाने निकामी झाल्या, त्या परत येत नाहीत. सॉक्स जन्माचे. काळी पडलेली कातडी काळीच आहे. आणि भोकाच्या वरची धमनी जी ताणून सैल झाली ती सैलच आहे. अशी धमनी भोक बंद केल्यावरही पुढे फुगत जाऊ शकते, म्हणून दर वर्षी डॉपलर. मामाला हे पटत नाही. "बरा केलाय म्हणताय, मग बघायचं काय ऱ्हायलंय?" दर वर्षी त्याला गाडीत घालायला मलाच जावं लागतं.

हे सगळं ताज्या जखमेवर ओळखता आलं असतं. त्याला मोठं मशीनही लागत नाही. मांडी, जांघ, काख, कोपर, गुडघ्याची मागची बाजू, मान, इथे धारदार घाव लागला किंवा मोटरसायकलवरून पडून गुडघा निखळला, तर टाके घालण्याआधी आणि टाके काढताना जखमेच्या पलीकडची, पावलाकडची किंवा मनगटाकडची, नाडी बघायची, दुसऱ्या बाजूशी ताडून. वणावर हात ठेवायचा, कान लावायचा. नाडी लागली म्हणून धमनी शाबूत असं नव्हे, मामाच्या पावलाला ती बहुधा तेव्हाही लागली असती. घोट्याच्या बीपीचा वरचा आकडा दंडाच्या बीपीच्या वरच्या आकड्याने भागायचा, ०.९ पेक्षा कमी आलं तर पुढे पाठवायचं. रक्त उडत असेल तर जखमेवर स्वच्छ कापड धरून तळहाताने सरळ दाबायचं आणि दाबून धरूनच दवाखाना गाठायचा. हातापायाचं रक्त तेवढ्याने थांबत नसेल तरच जखमेच्या वर आवळायचं, आणि आवळल्याची वेळ लिहून ठेवायची.

गावात हे पसरायचं ते पसरलंच. आता यात्रेला गेलो की मामाच्या सोप्यावर लोक आपापले जुने वण घेऊन येतात. कुणाला मळणीयंत्र लागलेलं, कुणाला भावकीत कुऱ्हाड. मी हात ठेवतो, स्टेथो लावतो, बहुतेकांचं काही नसतं आणि ते जरा हिरमुसून चहा पिऊन जातात. गेल्या खेपेला एका ट्रकड्रायव्हरच्या पोटरीवर मला शंका आली, म्हणून डॉपलरला पाठवला. रिपोर्ट नॉर्मल आला. दोन्ही पायांच्या साध्या व्हेरिकोज व्हेन. तेव्हापासून तो मला डॉपलरच्या बिलाची आठवण करून देतोय.